पाती पुन्हा का तुटली? घरात उडवायच्या छोट्या हेलिकॉप्टरची थरथर आणि टक्कर

रिमोटवर चालणारं छोटं हेलिकॉप्टर घरात उडवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा अनुभव येतो. उड्डाण छान चाललेलं असतं. एखादं वळण जरा घाईने घेतलं जातं, 'टक्' असा कोरडा आवाज येतो आणि हेलिकॉप्टर दगडासारखं खाली पडतं. उचलून पाहावं तर एका पात्याचं टोक उडालेलं असतं. नवी पाती बसवली की दोन-तीन उड्डाणं बरी जातात, मग थोडी थरथर सुरू होते, आणि एक दिवस पुन्हा तोच आवाज.

मी स्वतः पात्यांच्या तीन जोड्या अशाच घालवल्या. प्रत्येक वेळी वाटायचं की पातीच कच्ची आहेत. चौथी जोडी लावण्याआधी खालचा मोठा गिअर सहज बोटाने फिरवला, तर दांड्याचं वरचं टोक हवेत बारीक गोल काढत होतं. दांडा वाकलेला होता आणि मी पाती बदलत बसलो होतो. थरथर आणि वर-खालच्या पात्यांची टक्कर हे दोन वेगळे आजार वाटतात, पण बहुतेक वेळा तो एकच आजार असतो आणि त्याचं मूळ पात्यांत नसतं, पात्यांच्या खाली असतं. हा लेख त्यासाठीच लिहितो आहे.

आधी रचना समजून घेऊ

घरात उडणारी बरीचशी छोटी हेलिकॉप्टरं 'कोॲक्सियल' प्रकारची असतात. म्हणजे एकाच अक्षावर, एकावर एक, दोन पंखे. प्रत्येकाला दोन पाती. वरचा पंखा एका दिशेने फिरतो, खालचा उलट्या. एकच पंखा असता तर तो एका दिशेला फिरताना हेलिकॉप्टरचं अंग उलट्या दिशेला गरगरलं असतं. इथे दोघांचे झोके एकमेकांना खोडून काढतात. नाक वळवायचं असेल तर एक पंखा किंचित जोरात आणि दुसरा किंचित हळू फिरवला की झालं.

ही कल्पना फार जुनी आहे. मिखाईल लोमोनोसोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने 1754 मध्ये घड्याळाच्या स्प्रिंगवर चालणारं असं दोन उलट्या पंख्यांचं छोटं यंत्र करून दाखवलं होतं. मंगळावर उडालेलं 'इन्जेन्युइटी' हेलिकॉप्टरही याच रचनेचं. त्याचं पहिलं उड्डाण 19 एप्रिल 2021 ला झालं. जानेवारी 2024 मधल्या 72 व्या उड्डाणात उतरताना त्याच्या पात्यांना इजा झाली आणि त्याची कामगिरी तिथेच थांबली. छोट्या पंख्यांच्या यंत्रात पातं गेलं की सगळंच थांबतं.

दोन पंख्यांसाठी दोन दांडे लागतात. खालच्या पंख्याचा दांडा पोकळ नळीसारखा असतो. त्या नळीतून बारीक आतला दांडा वर जातो आणि वरचा पंखा फिरवतो. म्हणजे वरच्या पंख्याचा सगळा भार एका बारीक, लांब काडीवर असतो. हेलिकॉप्टर उलटं पडलं की पहिला मार तिलाच बसतो.

आणखी दोन नावं लक्षात ठेवायची आहेत. वरच्या पंख्याच्या डोक्यावर, टोकांना वजनं असलेली एक आडवी काडी असते. ती 'फ्लायबार'. खालच्या पंख्याखाली एक तबकडी असते, ती कलली की पंखा कलतो. ती 'स्वॉशप्लेट'. अगदी साध्या तीन चॅनलच्या (म्हणजे रिमोटवरून तीन वेगळ्या हालचाली करता येणाऱ्या) खेळण्यांत स्वॉशप्लेट नसते, तिथे पुढे-मागे जायला शेपटीवरचा छोटा पंखा असतो. चार चॅनलच्या यंत्रांत मात्र दोन छोट्या सर्व्हो मोटरी, म्हणजे हवा तेवढाच हात हलवणाऱ्या मोटरी, ही तबकडी कलवतात.

दोन पंखे मुळात एकमेकांना लागतातच कसे?

पाती फिरू लागली की दिसेनाशी होतात आणि त्यांच्या जागी धूसर चकती दिसते. अशा दोन चकत्या एकमेकींवर समांतर तरंगत आहेत अशी कल्पना करा. मध्ये काही सेंटीमीटरचं अंतर. चकत्या समांतर आहेत तोवर काही होत नाही. एक कलली आणि दुसरी तशीच राहिली, तर एका कडेला अंतर कमी होतं.

फ्लायबार नेमकं हेच घडवतो. फिरणारा भोवरा सहजासहजी कलत नाही, तसा फिरणारा फ्लायबारही आपली पातळी सोडायला तयार नसतो. वरचा पंखा त्याला जोडलेला, म्हणून तोही त्याच्या मागोमाग स्थिर राहतो. त्यामुळेच हे हेलिकॉप्टर नवशिक्यालाही हवेत सांभाळता येतं. खालचा पंखा मात्र स्वॉशप्लेटचं, म्हणजे तुमच्या बोटाचं, लगेच ऐकतो. तुम्ही रिमोटवरची काठी झटक्यात ढकलली की खालची चकती तत्काळ कलते आणि वरची क्षणभर मागे राहते. त्या क्षणात एका बाजूच्या कडा जवळ येतात. पुढे जोरात जाताना एकदम मागे ओढलं, तर हा फरक सर्वांत मोठा असतो. मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की जी गोष्ट या यंत्राला सोपं करते तीच त्याच्या टक्करीचं कारण आहे. त्यामुळे थोडा धोका रचनेतच आहे. आपलं काम आहे ते तो वाढू न देण्याचं.

नाक झटक्यात वळवतानाही असंच होतं. खालचा पंखा जोरात फिरू लागला की त्याची लवचीक पाती टोकाकडे वर उचलली जातात. त्याच वेळी वरचा पंखा मंदावतो आणि त्याची पाती थोडी खाली येतात. टोकांमधलं अंतर कमी होतं. म्हणून काही हेलिकॉप्टरांत एका दिशेच्या वळणातच 'टक्' ऐकू येतं.

वेगाचा अंदाज यावा म्हणून एक ढोबळ हिशेब करू. पात्याचं टोक दांड्यापासून 17 सेंटीमीटरवर आणि मिनिटाला 2000 फेरे धरले, तर टोकाचा वेग ताशी सुमारे 128 किलोमीटर होतो. समोरून येणारं पातंही तितक्याच वेगाने उलट येतं. दोन्ही पंख्यांची पाती सेकंदाला सुमारे 133 वेळा एकमेकांवरून जातात. त्यातली एक भेट चुकली तरी पुरे.

थरथरीचा यात काय संबंध?

कपडे एका बाजूला गोळा झालेलं वॉशिंग मशीन पाणी पिळताना कसं आदळतं, ते आठवा. फिरणाऱ्या वस्तूचं वजन अक्षाभोवती सारखं वाटलेलं नसलं की प्रत्येक फेऱ्याला एक झोका बसतो.

हा झोका किती मोठा असतो याची कल्पना सहसा येत नाही. गोफण फिरवताना दोरीला जो ताण जाणवतो, तोच पात्याच्या मुळाशी असतो. वरच्याच हिशेबात 3 ग्रॅमचं पातं घ्या, त्याच्या वजनाचा मध्य दांड्यापासून 9 सेंटीमीटरवर धरा. ते पातं आपल्या स्क्रूला सुमारे 1.2 किलोच्या जोराने ओढत असतं. समोरचं पातं तितक्याच जोराने उलट ओढतं, म्हणून सगळं शांत वाटतं. आता एका पात्याच्या टोकाला फक्त 0.1 ग्रॅमचा फरक पडू द्या, एखादा छोटा टवका उडाला समजा. तेवढ्याने दांड्याला सुमारे 75 ग्रॅमचा झोका बसतो, सेकंदाला 33 वेळा. हेलिकॉप्टरचं स्वतःचं वजन 220 ग्रॅम असेल, तर हा झोका त्याच्या एक तृतीयांश आहे.

आतला बारीक दांडा हा झोका सहन करत लवतो. दांडा लवला की वरची चकती डगमगते, आणि डगमगणाऱ्या चकतीचं खालच्या चकतीपासूनचं अंतर प्रत्येक फेऱ्याला कमी-जास्त होत राहतं. एरवी निभावून गेलं असतं असं वळण मग निभावत नाही.

हे चक्र उलटही फिरतं. टक्करीने दांडा किंचित वाकतो, वाकलेला दांडा थरथर वाढवतो, थरथरीने स्क्रू सैल होतात आणि पुढची टक्कर जवळ येते. मधल्या काळात आपण फक्त पाती बदलतो.

'पण माझी पाती तर नवीकोरी आहेत!'

असतील. म्हणूनच तपासणी पात्यांपासून सुरू करू नये. पहिलं काम, बॅटरी काढून टाका. ही सूचना मी अगदी मनापासून करतो आहे. टेबलावर बॅटरी जोडलेली असताना रिमोटला धक्का लागला तर पंखे तुमच्या बोटांत किंवा चेहऱ्यासमोर सुरू होतील.

आता खालचे मोठे गिअर बोटाने सावकाश फिरवा आणि वरच्या दांड्याच्या टोकाशेजारी पेन्सिलचं टोक स्थिर धरा. टोक पेन्सिलच्या जवळ-लांब होत असेल, तर दांड्याला 'आऊट' आहे, सायकलच्या चाकाला येतो तसा. खात्री हवी असेल तर आतला दांडा बाहेर काढून काचेवर लोळवा. सरळ दांडा गुळगुळीत जातो. वाकलेला लंगडत जातो आणि त्याच्याखाली प्रकाशाची फट उघडझाप करते. असा दांडा ठोकून सरळ करण्याचा मोह टाळा. डोळ्याला सरळ दिसला तरी तो खरा सरळ नसतो, आणि कार्बनचा असेल तर आतून चिरलेला असतो. तो बदला.

दांडा सरळ असेल तर वरचं डोकं दोन बोटांत धरून वर-खाली हलवून पाहा. आतल्या दांड्याला खाली अडवून धरणारी एक छोटी कडी असते, तिला कॉलर म्हणू. तिचा स्क्रू सैल झाला की दांडा नळीत वर-खाली सरकतो. उडताना वरचा पंखा स्वतःच्या जोराने दांडा वर ओढून धरतो, म्हणून दोष लपतो. झटकन खाली उतरताना दांडा खाली घसरतो आणि दोन पंख्यांमधलं अंतर तेवढंच कमी होतं. 'उतरतानाच पाती लागतात' अशी तक्रार असेल, तर मी सर्वांत आधी इथे पाहीन. दांडा पूर्ण वर ओढून कॉलर बसवा, कागदाइतकी जागा सोडा. अगदीच आवळली तर घर्षण वाढून मोटरवर ताण येतो.

मग डोकं आडवं हलवून पाहा. खटखट जाणवली तर बेअरिंग, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, झिजलं आहे, किंवा त्याची बसायची जागा सैल झाली आहे. फ्लायबारपासून पंख्यापर्यंत आणि सर्व्होपासून स्वॉशप्लेटपर्यंत जाणाऱ्या लिंक, म्हणजे जोडणाऱ्या बारीक काड्या, एकेक करून हलवा. प्रत्येक सांध्यात थोडासा 'प्ले', म्हणजे ढिलेपणा, असतोच, पण चार सांध्यांचा मिळून तो मोठा होतो. फ्लायबार वरून आणि बाजूने पाहा, दोन्ही हात सरळ आणि सारख्या लांबीचे हवेत. बोटाने कलवून सोडला तर तो न अडखळता हलला पाहिजे. तो अडखळत असेल तर हेलिकॉप्टर एका जागी राहण्याऐवजी गोल गोल घिरट्या घालू लागतं.

सैल स्क्रूबद्दल एक सावधगिरी. स्क्रू सुटू नये म्हणून लावायचं निळं द्रव्य फक्त धातूत धातूचा स्क्रू असेल तिथेच वापरा. काही प्लॅस्टिकना ते ठिसूळ करतं, आणि पातं जिच्यात बसतं ती पकड नेमकी प्लॅस्टिकची असते.

पात्याचा स्क्रू: घट्ट की सैल?

इथे बहुतेकांची चूक होते, आणि ती चांगल्या हेतूने होते. पातं सुटू नये म्हणून स्क्रू घट्ट पिळला जातो. पण या छोट्या कोॲक्सियल हेलिकॉप्टरांत पातं आपल्या पकडीत मागे-पुढे झुलायला हवं. पंखा फिरू लागला की बाहेर ओढणारा ताण दोन्ही पात्यांना आपोआप एका सरळ रेषेत आणतो. स्क्रू घट्ट असेल तर पातं जसं राहिलं तसं अडकून बसतं. एक पातं रेषेपासून फक्त 3 अंश वाकडं राहिलं, तर वरच्या हिशेबाने दांड्याला सुमारे 60 ग्रॅमचा आडवा झोका बसतो. नवी पाती लावल्यावर लगेच थरथर सुरू झाली असेल, तर कारण बहुधा हेच.

हेलिकॉप्टर आडवं धरून हलकेच हलवा. पातं आपल्या वजनाने झुललं पाहिजे, पण पकडीत वर-खाली खटखटता कामा नये. स्क्रू तेवढाच ठेवा.

याच कारणाने सुरुवात सावकाश करावी. पाती अजून इकडेतिकडे झुलत असताना पूर्ण जोर दिला, तर ती सरळ होण्याआधीच यंत्र हादरतं. फेरे कमी असताना पाती लवचीक असतात, वेग वाढला की तोच ताण त्यांना ताठ ठेवतो.

आता पात्यांकडे वळू

पात्याला मुळाजवळच्या भोकाशी बारीक चीर असेल, किंवा प्लॅस्टिक वळल्यावर दिसतो तसा पांढरट पट्टा असेल, तर ते टाकून द्या. मघाचे 1.2 किलो त्याच भोकावर ओढत असतात. असं पातं हवेत सुटलं तर ते डोळ्यात जाऊ शकतं.

बाकीच्या पात्यांचं वजन जुळवायला महागडं साधन लागत नाही. दोन्ही पाती मुळाशी एकाच स्क्रूवर समोरासमोर सरळ रेषेत घट्ट जोडा आणि तो स्क्रू दोन सारख्या उंचीच्या पेल्यांच्या कडांवर ठेवा. जे टोक खाली जातं ते जड. हलक्या पात्याच्या टोकाजवळ पारदर्शक चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा आणि तराजू स्थिर होईपर्यंत तो कापत जा. वजन वाढवायचं ते हलक्या पात्यावर. जड पातं घासून हलकं करू नका, त्याचा आकार बिघडतो.

वजन जुळलं तरी एक दोष उरू शकतो. दोन पात्यांपैकी एक किंचित जास्त वळलेलं असेल तर ते दुसऱ्यापेक्षा वरून फिरतं. यालाच 'ट्रॅकिंग' बिघडलं म्हणतात. एका टोकाला रंगीत चिकटपट्टी, दुसऱ्याला तेवढीच वेगळ्या रंगाची पट्टी लावा. हेलिकॉप्टर कमी उंचीवर तरंगत ठेवून, डोळ्यांना संरक्षक चष्मा लावून, दोन-तीन मीटरवरून चकतीच्या कडेकडे पाहा. दोन रंग एकाच रेषेत दिसले तर ठीक. दोन वेगळ्या रेषा दिसल्या तर वर जाणारं पातं बोटांनी हळूच पीळ कमी होईल असं वळवून पुन्हा पाहा. फार फरक असेल तर पूर्ण जोडी बदलणं बरं. एक जुनं आणि एक नवं पातं कधीही जोडीने लावू नका.

'थोडी थरथर चालते ना?'

थोडी असतेच, अगदी शून्य कधी होत नाही. पण हेलिकॉप्टरमध्ये जायरो नावाचा छोटा संवेदक असतो. नाक आपोआप वळत आहे का, हे तो ओळखतो आणि पंख्यांचे वेग सावरतो. थरथर वाढली की त्याला खरं वळण आणि कंप यांतला फरक कळेनासा होतो आणि नाक एका बाजूला सरकत राहतं. आपण ट्रिम करत, म्हणजे रिमोटवरच्या बटणांनी हे सरकणं सावरत, बसतो आणि दोष असतो भलतीकडेच. सर्व्हो, तारांचे सांधे आणि स्क्रू यांचं आयुष्यही कमी होतं.

थरथर कुठून येते हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे पाती काढून मोटरी अगदी कमी वेगावर काही सेकंद चालवणं. तरीही हादरत असेल तर दोष दांडा, गिअर किंवा मोटरीत आहे. शांत असेल तर पाती आणि पकडी पाहा. 'कर्र' असा बारीक, उंच आवाज येत असेल तर गिअरचे दात खात आहेत. एखाद्या दातात केस किंवा धागा अडकलेला अनेकदा सापडतो.

'मग दोन पंख्यांतलं अंतरच वाढवलं तर? किंवा कडक पाती?'

दोन्ही विचार योग्य दिशेचे आहेत, पण त्यांची किंमत मोजावी लागते. अंतर वाढवायला आतला दांडा लांब लागतो. लांब काडी जास्त लवते, म्हणजे थरथर वाढते, आणि पडल्यावर ती आणखी सहज वाकते.

कडक पाती खरोखरच कमी लवतात. मंगळावरच्या हेलिकॉप्टरची पाती कार्बन तंतूंची आणि खूप कडक होती. पण घरात भिंतीला लागणं अटळ आहे. साधं पातं तुटतं आणि धक्का तिथेच संपतो, विजेच्या फ्यूजसारखा. कडक पातं तुटत नाही, तेव्हा तोच धक्का दांड्याला, गिअरला आणि बोटाला बसतो. शिकणाऱ्याने मऊ पातीच ठेवावीत असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे स्वॉशप्लेटचं कलणं कमी करणं. लिंक सर्व्होच्या हातावरच्या आतल्या भोकात लावली, किंवा रिमोटवर मर्यादा घालता येत असेल ती घातली, की खालची चकती झटक्यात फार कलतच नाही. घरात एवढा कल पुरतो. ट्रिम मध्यावर ठेवून स्वॉशप्लेट दांड्याशी काटकोनात आहे का, हेही पाहा. ती आधीच एका बाजूला कललेली असेल तर त्या बाजूचं अंतर कायमचंच कमी असतं. लिंकची लांबी आटे फिरवून जुळवता येते.

बॅटरीची जागाही तपासा. वरचं डोकं धरून हेलिकॉप्टर उचललं तर अंग आडवं सरळ लटकलं पाहिजे. नाक खाली जात असेल तर तुम्ही सतत काठी मागे ओढून उडवत असता आणि खालची चकती सतत कललेली राहते.

उडवताना काय बदलायचं

जमिनीपासून वीतभर उंचीवर तरंगू नका. पंख्याची हवा जमिनीवर आपटून परत येते आणि हेलिकॉप्टर भरकटतं, मग आपण काठी झटक्याने हलवतो. कमरेइतक्या उंचीवर ते जास्त शांत असतं. भिंती आणि छताजवळही हवा अशीच उलटते. छताचा पंखा बंद ठेवा. पुढे जाताना थांबायचं असेल तर काठी आधी मध्यावर आणा, क्षणभर थांबा, मग मागे. हा क्षणभराचा वेळ वरच्या चकतीला खालच्या चकतीपाशी यायला लागतो. आणि काही लागलं, पडदा असो की खुर्ची, की जोर त्याच क्षणी शून्य करा. अडकलेल्या पंख्याला मोटर जोर देत राहिली की गिअरचे दात जातात.

हे सगळं करूनही पाती लागतच असतील, तर सांगाड्यावर जिथे बेअरिंग बसतं ती जागा उजेडात धरून पाहा. तिथे केसाएवढी चीर असू शकते. नुसती दिसत नाही, पण दांडा बाजूला दाबला की उघडते. नवा दांडा आणि नवी पाती लावूनही न गेलेली थरथर मला एकदा तिथे सापडली. गोंद लावल्यावर ती जागा दोन उड्डाणं टिकली. सांगाड्याचा तेवढा भाग बदलल्यावर मात्र त्याच पात्यांवर हेलिकॉप्टर बराच काळ शांत उडत राहिलं.